पर्याय कोणी लिहायचे?

१६ एप्रिल, केज

आज दुपारी बिटलाइफ या फोनवरच्या खेळातलं एक आयुष्य जन्मापासून मरणापर्यंत खेळले. चहा होईपर्यंत ते पुरं झालं. पडद्यावर चित्रं फारशी नाहीतच. जन्म कुठे झाला, आईवडील काय काम करतात, याच्या दोन ओळी येतात आणि खाली एक मोठं बटण. ते दाबलं की वय एका वर्षाने वाढतं आणि त्या वर्षात काय घडलं ते कळतं. मधेच प्रश्न येतो. वर्गातल्या कुणी छळलं, काय करशील? नोकरी गेली, आता पुढे? उत्तरादाखल तीन-चार पर्याय असतात. तळाशी आनंद, आरोग्य, बुद्धी आणि रूप अशा चार पट्ट्या, आपण निवडू तशा त्या कमी-जास्त होतात. मेल्यावर थडगं येतं आणि कसं जगलात त्याप्रमाणे एक फीत मिळते. मूलबाळ असेल तर त्याच्या रूपाने खेळ पुढे चालू ठेवता येतो.

कँडीरायटर या मायामीच्या छोट्या कंपनीने २०१८ मध्ये हा खेळ आयफोनवर आणला आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर. २०२० मध्ये स्वीडनच्या स्टिलफ्रंट समूहाने ती कंपनी विकत घेतली. खेळात गुन्हे, तुरुंग, जुगार सगळं आहे, म्हणून तो मोठ्यांसाठी आहे असं तिथे लिहिलेलंच असतं. तरी आमच्या नववीच्या मुलांना तो ठाऊक आहे. घरात फोन एकच, तो रात्री मोकळा झाला की त्यांच्या हातात येतो.

अशा खेळांकडे मी ओढली जाते ती एका गोष्टीमुळे. त्यात खेळणाऱ्याला सतत विचारलं जातं, तू काय करशील? आमच्या मुलांना एरवी हे फार कमी वेळा विचारतात. सुट्टीत ज्यांना जमेल त्यांनी सकाळी शाळेत यायचं आणि आपल्याकडच्या आयुष्याचा असाच एक खेळ लिहायचा, असं ठरवलंय. आधी कागदावर. निम्मी मुलं ऊसतोडीच्या घरांतली आहेत. त्यांचे आईवडील फडावरून आत्ताच परतलेत.

१९ एप्रिल

मुलांना सांगायला टिपणं काढली.

आयुष्याचा खेळ करावा ही कल्पना फोनच्या कितीतरी आधीची. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी मिल्टन ब्रॅडली नावाच्या शिळाप्रेसवाल्याने १८६० मध्ये एक पट काढला. बुद्धिबळासारखी ६४ घरं, खालच्या कोपऱ्यात बालपण आणि वरच्या कोपऱ्यात सुखाचं म्हातारपण. फासे म्हणजे जुगार असं तिथल्या धार्मिक घरांत मानत, म्हणून त्याने फाशांऐवजी सहा बाजूंची भिंगरी दिली. भिंगरीवर आकडा पडला की कुठल्या दिशेला जायचं ते पुष्कळदा खेळणाऱ्याने ठरवायचं. चिकाटीच्या घरातून यशाकडे, आळसातून बदनामीकडे, जुगारातून सर्वनाशाकडे. शंभर गुण आधी ज्याचे होतील तो जिंकला. पहिल्याच वर्षात सुमारे ४५ हजार पट खपले.

एका घरावर मी बराच वेळ थांबले. ब्रॅडलीने गरिबीचं घर बालपणाच्या शेजारी ठेवलंय आणि त्यात पडल्याने गुण जात नाहीत. गरिबीत सुरुवात झाली म्हणून पुढे तोटा होईलच असं नाही, असं त्याने नियमांतच सांगितलं होतं. हे त्या काळच्या एका उमेदी कारागिराचं मत आहे आणि ते त्याने एका घराच्या जागेतून मांडलंय.

शंभर वर्षांनी, १९६० मध्ये, ब्रॅडलीच्याच कंपनीने हा खेळ नव्याने काढला. रुबेन क्लेमर यांनी तो घडवला. त्यात प्लास्टिकची गाडी आली, गाडीत नवरा, बायको, मुलांच्या खुंट्या, आणि मोजणी आली ती पैशाची. शेवटी ज्याच्याकडे जास्त डॉलर तो जिंकला. एका शतकात सुखाचं म्हातारपण मागे पडलं आणि रोकड पुढे आली. आयुष्याचा कोणताही खेळ उघडला की चांगलं जगणं म्हणजे काय याचं त्याच्या कर्त्याचं उत्तर आत सापडतं. ते शोधायला मुलांना शिकवायचं आहे.

२२ एप्रिल

आपल्याकडचा मोक्षपट फळ्यावर काढला. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरं, जैन पटांत ८४. घरांना दुर्गुणांची आणि सद्गुणांची नावं. क्रोधाच्या घरातून साप खाली नेतो, दयेच्या घरातून शिडी वर. टोकाला वैकुंठ किंवा मोक्ष. परंपरेने महाराष्ट्रात हा खेळ ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो इंग्लंडला पोचला, तिथे मुलांची सापशिडी झाला, आणि १९४३ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा तो विकणारी कंपनी होती मिल्टन ब्रॅडली. आयुष्याचे दोन वेगळे पट एकाच दुकानात येऊन बसले.

मोक्षपटात निवड अजिबात नाही. कवड्या पडतील तसं जायचं. नववीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग यात आपण काय करायचं? आपण तर नुसतं कवड्या टाकणारे." त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "आपल्या घरी तसंच तर असतं."

दोघांचं बोलणं वहीत लिहून घेतलं. आमचा खेळ या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी उभा राहायला हवा.

२५ एप्रिल

आज पट्ट्या ठरवल्या. बिटलाइफच्या चार पट्ट्या फळ्यावर लिहिल्या आणि विचारलं, यातल्या आपल्याला कोणत्या लागतील? "रूप" मुलींनी सगळ्यात आधी खोडलं. "आनंद" ठेवायचा की नाही यावर वाद झाला. मग त्यांनी त्यांच्या पट्ट्या सांगितल्या.

पहिली उचल. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम, जी नवरा-बायकोच्या कोयत्याने हंगामभर तोड करून फेडायची. दुसरी अंग, म्हणजे शरीर किती धड आहे. तिसरी शाळा. चौथी एका मुलीने सुचवली आणि सगळ्यांनी एका आवाजात मान्य केली. झोप. फडावर रात्री-बेरात्री ट्रक येतो, मोळ्या वाहून भरून द्याव्या लागतात, पहाटे पुन्हा तोड. फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहिलेल्या मुलांना झोप म्हणजे काय ते बरोबर कळतं. मायामीतल्या खेळात ही पट्टी असण्याचं काही कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट दुपारी पट्ट्या आखताना मुलांच्याच लक्षात आली. बिटलाइफच्या चारही पट्ट्या एकट्या माणसाच्या आहेत. आमची उचलीची पट्टी एकट्याची नाही, घराची आहे. बापाने निवडलं तरी ती हलते, आजारी आजीमुळेही हलते. म्हणून ती पटाच्या मधोमध काढली, सगळ्यांना दिसेल अशी. बाकीच्या तीन ज्याच्या त्याच्यापुढे.

२७ एप्रिल

द सिम्स हा खेळ घडवणारे विल राइट यांचं घर १९९१ मध्ये ओकलंडच्या डोंगरात लागलेल्या मोठ्या आगीत जळालं. पुन्हा संसार मांडताना कोणती वस्तू खरोखर लागते, या विचारातून त्यांना घर चालवण्याच्या खेळाची कल्पना सुचली. तो २००० मध्ये आला आणि त्यातल्या माणसांना भूक, स्वच्छता, झोप, सोबत अशा गरजांच्या पट्ट्या होत्या.

मुलांना हे सांगितल्यावर एकाने विचारलं, कोपी बांधताना पहिल्यांदा काय लागतं, ते आपण घालू या का? पाचट, बांबू, ताडपत्री, चूल. पहिल्या दिवसाचे पत्ते तयार झाले.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आज लग्नाचा पत्ता लिहायला घेतला. गावात सकाळपासून बँड वाजत होता, विषय टाळण्यासारखा नव्हता.

पत्त्यावरचा मजकूर मुलींनीच लिहिला. "तू पंधरा वर्षांची. काका स्थळ घेऊन आलेत. पोरगा कामाचा आहे, त्याला कोयत्याला जोडी पाहिजे. तू काय करशील?" खाली दोन पर्याय होते. हो म्हण. गप्प बस. आणि दोन्ही पर्यायांपुढे एकाच पुढच्या पत्त्याचा क्रमांक.

मी विचारलं, नाही म्हण असा तिसरा का नाही? मुलगी म्हणाली, "मॅडम, नाही म्हटल्यावर पुढच्या पत्त्यावर काय लिहायचं तेच माहीत नाही."

तिचं उत्तर अगदी अचूक आहे. ज्याच्या पुढे काय होतं ते ठाऊक नाही, तो पर्याय कुणी निवडू शकत नाही, कुणी लिहूही शकत नाही. म्हणून उद्या अंगणवाडीच्या ताईंना बोलावलंय.

१ मे

ताई आल्या. मुलींनी विचारावं आणि त्यांनी सांगावं, असं दोन तास चाललं. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा, मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१, गावात असं लग्न थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकावर, १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन. कळवणाऱ्याचं नाव सांगावं लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं. कायदा मुलींनी शाळेत ऐकला होता. फोन केल्यावर पलीकडून काय विचारतात, मग घरी कोण येतं, आल्यावर काय बोलतात, हे पहिल्यांदाच ऐकलं.

दुपारी पत्ता नव्याने लिहिला. आता पर्याय पाच आहेत. हो म्हण. गप्प बस. मामाला सांग. अंगणवाडीच्या ताईला सांग. १०९८ ला फोन कर. प्रत्येकाला स्वतंत्र पुढचा पत्ता आणि प्रत्येकाची किंमत. एका पत्त्यावर त्यांनी लिहिलंय, "लग्न मोडलं. आठ दिवस घरात तुझ्याशी कुणी बोलत नाही. झोप दोनने कमी. शाळा तशीच." हे वाक्य मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

या खेळांचं सगळ्यात मोठं सामर्थ्य मला आज स्वच्छ दिसलं. पर्याय कागदावर आला की तो नजरेसमोर राहतो. मग मुलगी त्याच्याभोवती विचार करू लागते, बोलू लागते. आधी तो कुणीतरी लिहावा लागतो.

४ मे

आज गणित. प्रत्येक पत्त्यावर दोनच पर्याय दिले आणि प्रत्येकाला नवा पत्ता जोडला, तर दहा निवडींनंतर किती शेवट होतील? मुलांनी गुणत गुणत १०२४ आकडा काढला आणि पेन्सिली खाली ठेवल्या. एवढे पत्ते कोण लिहिणार?

म्हणून असे खेळ लिहिणारे वाटा पुन्हा एकत्र आणतात. चार वाटांनी गेलेले चौघे दहावीच्या परीक्षेच्या एकाच पत्त्यावर येतात. पण येताना त्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. एकीची झोप पुरी आहे, दुसरीची उरलेली नाही. प्रश्न तोच, उत्तर देणारं अंग निराळं. पत्ता सगळ्यांना सारखा असतो आणि मागचं सगळं पट्टी लक्षात ठेवते. पाच निवडींनंतर वाटा जुळवायच्या असा नियम केला. पत्ते आटोक्यात आले.

८ मे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर फवारो यांनी १९८६ मध्ये ऑल्टर इगो नावाचा संगणकावरचा खेळ लिहिला. अनेक माणसांना त्यांच्या आयुष्यातले लक्षात राहिलेले प्रसंग विचारून त्यांनी त्यातून प्रश्न तयार केले होते. आता तो फोनवरही मिळतो. त्यात कित्येक प्रसंगी आधी मनःस्थिती निवडायची आणि मग कृती.

माणसांना विचारून प्रसंग गोळा करणं आमच्याकडे कसं चालेल ते पाहायला मुलांना घरी पाठवलं. आजीला, काकीला, शेजाऱ्यांना एकच विचारायचं होतं, तुमच्या आयुष्यात असा कोणता दिवस होता की काय करावं ते कळत नव्हतं? वह्या भरून आल्या. एका आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जावं की जनावरं विकावीत, ते सांगितलं. एका काकूने मुलाला साखरशाळेत घालण्याचा दिवस सांगितला. या वह्या जपून ठेवायच्या आहेत. खेळापलीकडेही त्यांची किंमत मोठी आहे.

१२ मे

आजचा दिवस फार मोलाचा.

झोई क्विन आणि सहकाऱ्यांचा डिप्रेशन क्वेस्ट हा २०१३ चा खेळ नैराश्यात सापडलेल्या माणसाचा आहे. त्यात काही पर्याय दिसतात, पण त्यांच्यावर काट मारलेली असते. "मित्रांना फोन कर, मोकळं बोल" असा चांगला पर्याय समोर आहे आणि दाबता येत नाही, कारण आजाराने तेवढी ताकद ठेवलेली नाही. नैराश्य म्हणजे काय ते खेळणाऱ्याला त्या रेघेतून समजतं.

मी एवढंच सांगितलं आणि थांबले. वर्गात कुजबुज सुरू झाली. तासाभरात मुलांनी आपल्या पत्त्यांवर ती युक्ती लावली. उचलीची पट्टी अमुक रेघेच्या वर असेल तर "अकरावीला तालुक्याला प्रवेश घे" या पर्यायावर काट. अंगाची पट्टी तळाशी असेल तर "यंदा हंगामाला जाऊ नको" यावर काट नाही, पण तो निवडला तर मुकादमाचा पत्ता उचलावा लागतो.

फोनवरच्या बहुतेक खेळांत सगळे पर्याय बोटापासून सारख्याच अंतरावर असतात. डॉक्टर होणं आणि घर सोडणं, दोन्ही एका टिचकीचं काम. आमच्या मुलांना आयुष्य तसं नसतं हे ठाऊक आहे. तरी त्यांनी काट मारलेला पर्याय पत्त्यावरून काढून टाकला नाही. तो दिसलाच पाहिजे असा आग्रह धरला. का, ते एका मुलाने सांगितलं. "काट कशानं पडली ते कळलं, तर ती पुसायची कशी ते पण बघता येतंय की."

१३ मे

काल रात्री पुष्कळ वेळ त्या वाक्याचाच विचार केला. शिकवण्याच्या कामातून मला याहून अधिक काही नको.

१६ मे

बरी मी, माय लव्ह हा २०१७ चा फ्रेंच खेळ मुलांना दाखवला. सीरियातल्या होम्समधून नूर युरोपकडे निघालीय, तिचा नवरा माज्द मागे राहिलाय. आपण माज्द. सगळा खेळ दोघांच्या फोनवरच्या निरोपांत घडतो. तिने नावेने जावं की चालत, पैसे कुणाला द्यावेत, हे आपण सुचवायचं. ती ऐकेल किंवा ऐकणार नाही. शेवट १९ आहेत. इथे निवडणारा आणि भोगणारा वेगवेगळे आहेत.

मुलांना हे लगेच पटलं, कारण हंगामात त्यांची घरं अशीच चालतात. आई सांगली-कोल्हापूरकडे फडावर, मुलगी आजीपाशी गावात. खेळाचा एक भाग तसा लिहायचा ठरला. खेळणारी आई असेल. रात्री ट्रक भरून झाल्यावर फोन लागला तर लागला. "आई, ताप आलाय. शाळेत जाऊ का?" आईला तिकडून फक्त सुचवता येतं.

कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये आलेल्या मिसिंग या खेळात खेळणारा पळवून नेलेल्या मुलीच्या जागी असतो. त्याबद्दल मुलींशी वेगळं, शांतपणे बोलले.

२१ मे

दैव किती ठेवायचं यावर आज भांडणं झाली. साप चावणं, कोयता लागणं, अवकाळी पाऊस, बैल बसणं. हे सगळं कवड्यांवर सोपवलं. पण एकच संकट सगळ्यांना सारखं लागत नाही, हेही त्यांनी नियमात घातलं. बैल बसला तर ज्याची उचल थोडी त्याला एक महिन्याचा फटका, ज्याची उचल मोठी त्याचा पुढचा हंगामही बांधला गेला. मोक्षपटात साप सगळ्यांना सारखा गिळतो. आमच्या पटावर गरिबाला तो जास्त खाली नेतो.

उचलीच्या पत्त्यावर मुलांनी आणखी एक गोष्ट पकडली. उचल मिळते त्या दिवशी घरात आनंद असतो. पत्रे येतात, बहिणीचं लग्न निघतं. म्हणून पत्त्याच्या पुढच्या बाजूला त्यांनी काय मिळालं ते लिहिलं, मागच्या बाजूला काय बांधलं गेलं ते. रेन्स या २०१६ च्या फोनवरच्या खेळात राजाच्या चार पट्ट्यांपैकी एखादी रिकामी झाली तर राज्य जातंच, काठोकाठ भरली तरी जातं. उचलीला तोच नियम लावला.

२५ मे

एका मुलाचे वडील खेळायला बसले. मुकादमाने भाव सांगितला तो पत्ता आला. मान्य कर. घासाघीस कर. दुसरा मुकादम शोध. ते पत्ता हातात धरून म्हणाले, "यात एक राहिलंय. एकट्यानं बोलून भाव वाढत नसतोय. सगळी टोळी बसली तर वाढतोय."

खरंच आहे. तोडणीचे दर संघटना आणि कारखान्यांच्या संघात बोलणी होऊन ठरतात. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाली ती संपाच्या इशाऱ्यानंतरच. वडिलांच्या सांगण्यावरून नवा पत्ता तयार झाला. त्यातला "टोळीने मिळून बोला" हा पर्याय एका खेळाडूने निवडून चालत नाही. पटाभोवतीच्या सगळ्यांनी एकाच वेळी हात वर केला तरच तो लागू होतो, एकही हात खाली राहिला तर नाही. फोनवरचे आयुष्याचे बहुतेक खेळ एकट्याने खेळायचे असतात, त्यामुळे अशी निवड त्यांत येत नाही. खेड्यातल्या मोठ्या निवडी मात्र बहुतेक अशाच असतात.

२८ मे

मागे जायची सोय ठेवायची का? बिटलाइफमध्ये काही वर्षं मागे जायचं तर पैसे भरावे लागतात. फुकटच्या खेळांचं पोट असंच भरतं. खेळणाऱ्याला हळहळ वाटली की तिथे दुकान.

आमच्याकडे मागे जाणं फुकट. फक्त पहिली वाट पेन्सिलीने पटावर तशीच ठेवायची. मग दोन आयुष्यं शेजारी शेजारी दिसतात आणि ती कुठे फुटली ते बोट ठेवून दाखवता येतं. आज एका मुलीने दहावीपासून दोन वाटा काढल्या. दोन्हींत कष्ट सारखेच होते, एकीत झोप होती. ती बराच वेळ दोन्ही वाटांच्या पट्ट्या मोजत बसली.

२ जून

बीडहून आलेल्या माजी विद्यार्थ्याने पत्ते संगणकावर चढवायला मदत केली. ट्वाइन हे फुकट साधन २००९ पासून उपलब्ध आहे, क्रिस क्लायमस यांनी बनवलेलं. प्रत्येक पत्त्याची एक चौकट, चौकटीतून बाण. देवनागरी व्यवस्थित उमटते. शेवटी जी फाइल होते ती साध्या फोनवर उघडते आणि नेट नसलं तरी चालते. आमच्याकडे हे महत्त्वाचं. हात वर करायचा पत्ता फोनवर आला की "पाचजण गोळा करा, मग पुढे जा" असं लिहिलंय.

५ जून

चायनीज पॅरेंट्स हा २०१८ चा चिनी खेळ पाहिला. मूल जन्मल्यापासून कॉलेज प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेपर्यंत वाढवायचं. नातेवाइकांसमोर आईवडिलांची इभ्रत राखण्याचे सामने आहेत. मूल मोठं होऊन स्वतः पालक होतं आणि खेळ पुढच्या पिढीवर जातो. तिथल्या तरुणांनी आपल्या घरांकडे बघून तो केला, म्हणून त्यातली परीक्षा, टोमणे, अपेक्षा सगळं आतून आलेलं आहे. आपल्याकडेही असं व्हायला हवं. मालेगावच्या यंत्रमागावरच्या मुलांनी, रत्नागिरीच्या खलाशांच्या मुलींनी, धारावीतल्या शिवणकाम करणाऱ्या घरांनी आपापले पत्ते लिहावेत. लागतं ते थोडंच. कागद, कवड्या आणि ऐकून घेणारं कुणीतरी.

९ जून

मुकादमांचे फोन यायला लागलेत. यंदाच्या उचलीची बोलणी सुरू झाली.

खेळ शेजारच्या दोन गावांतल्या मुलांना पाठवला. शेवटचा पत्ता आम्ही कोरा ठेवलाय. त्यावर एवढंच आहे, "इथे नसलेला पर्याय तुम्ही लिहा आणि आम्हाला कळवा." आज पहिला निरोप आला. दहावी झालेल्या एका मुलीने लिहिलंय, "मला आयटीआयला जाऊन मोटार रिवायंडिंग शिकायचंय. आमच्या गावात बोअरच्या मोटारी सारख्या जळतात. हा पर्याय तुमच्या खेळात नाही."

नव्हताच. इतक्या जणांनी मिळून लिहूनही कुणाला सुचला नव्हता. उद्या सकाळी मुलं त्याचा पत्ता लिहिणार आहेत. त्याआधी प्रवेशाची तारीख, फी, जवळचं वसतिगृह, मुलींसाठीच्या जागा हे सगळं मी तालुक्याला जाऊन विचारून आणणार आहे, कारण "हो" म्हटल्यावर पुढे काय होतं ते त्या पत्त्यावर खरं आणि पूर्ण लिहिलेलं असायला हवं. आणि त्या मुलीलाही उद्याच फोन करायचा आहे.